कोलशेतच्या बाळाचा दात

नलूताई, तुमची कवळी माझ्याकडेच राहिली.

हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत चष्मा होता, घड्याळ होतं आणि गॉजमध्ये गुंडाळलेली ती कवळी. तुमच्या अनिरुद्धने पिशवी माझ्या हातात कोंबली आणि तो ॲम्ब्युलन्सच्या मागे धावला. पुढे सगळं भराभर झालं. डोंबिवलीच्या घरी तुमच्या ओठांवर तुळशीपत्र ठेवायची वेळ आली तेव्हा मी पाहिलं, गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली. जन्मभर लोकांची तोंडं निस्तरणारी बाई दातांशिवाय निघाली होती. मी पिशवी छातीशी धरून तिथेच उभी. एवढ्या माणसांत 'थांबा, दात राहिले' असं कुणी कसं म्हणावं? तुम्ही म्हणाला असतात. खणखणीत आवाजात म्हणाला असतात.

आता ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, स्टीलच्या वाटीत, पाण्यात. रोज सकाळी मी पाणी बदलते. शिरीष म्हणतात, "अगं, खाडीत सोडून ये आता." मी हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी बदलते. संध्याकाळी घरात एकटी असले की ओट्याशी उभी राहून मागे वळायचा धीर होत नाही. वाटतं, तुम्ही मागून विचाराल, "मृदुला, मग? काय ठरलं तुझं?"

हेच विचारायचात तुम्ही, इतकी वर्षं. फोन उचलला की नमस्कार नाही, तब्येत नाही, एकदम "काय ठरलं तुझं?" आणि कशाबद्दल, हे मला कधी विचारावं लागलं नाही. कोलशेतच्या बाळाबद्दल. आपल्या दोघींत दुसरा वाद नव्हताच.

मी ठाण्याच्या त्या प्रसूतिगृहात लागले तेव्हा माझी डिग्री नवी कोरी होती आणि डोकं तिच्याहून कोरं. तळमजल्यावर, लसीकरणाला लागून आपली खोली. पायाने पंप मारून वर करायची खुर्ची, उकळत्या पाण्यात खडखडणारी हत्यारं, भिंतीवर दात घासणारा ससा. पोटुशी बाई तपासणीला आली की वजन, रक्तदाब आणि मग तुमच्यापुढे. बाळंतपणानंतर लसीला आली की बाळासकट पुन्हा तुमच्यापुढे. हल्ली माझ्या दवाखान्यातल्या मुली आश्चर्याने विचारतात, मॅडम, तेव्हा गरोदर बायकांचे दात फुकटात कोण बघायचं? मी सांगते, एक नलूताई होत्या, त्या बघायच्या.

बायका सांगायच्या, एका बाळंतपणाला एक दात जायचाच. हिरड्यांतून रक्त आलं तर पोटातल्याने ओढून घेतलं. मशेरी लावल्याशिवाय तर कित्येकींचा दिवसच उजाडायचा नाही. मी तावातावाने भाषण द्यायचे आणि त्या माना डोलावून घरी जाऊन पुन्हा मशेरी लावायच्या. तुम्ही भाषण देत नव्हतात. तुम्ही आधी सासूला खुर्चीत बसवायचात.

ही तुमची रीत मला सुरुवातीला फार विनोदी वाटायची. सून पदर दातांत धरून दाराशी उभी. सासूदेखत 'आ' करायचं म्हणजे केवढी लाज! मग तुम्ही सुनेकडे बघायचाच नाहीत. "आजी, तुम्ही या. तुमच्या दाढा बघू आधी." त्या म्हातारीला जन्मात कुणी विचारलेलं नसायचं की बाई, तुझं काय दुखतं. ती बसायची, कुरकुरायची, तुम्ही दोन दुखऱ्या दाढांना औषध लावायचात आणि खाली उतरताना तीच सुनेला सांगायची, "बस गं, काय करत न्हाईत." मी म्हणायचे, ही दंतवैद्यकी नाही, सोयरीक जुळवणं आहे. तुमचं उत्तर ठरलेलं. "तोंड सुनेचं असलं तरी किल्ली सासूच्या कनवटीला असते, बाई."

मला दिवस गेले तेव्हा माझ्याही हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी, चांगली डेंटिस्ट, घाबरून ब्रश करायचंच टाळत होते. तुम्ही एका नजरेत ओळखलंत आणि म्हणालात, "उद्या सासूबाईंना घेऊन ये." आमच्या सासूबाई पक्क्या सदाशिव पेठी. "माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत," असं ठणकावत त्या खुर्चीत बसल्या. तुम्ही आरसा आत घातलात आणि इतक्या प्रेमाने म्हणालात, "शाबूत आहेत, फक्त दोन पोकळ आहेत," की त्यांना रागावताही येईना. नंतर माझे दात तुम्ही स्वतः साफ केलेत. माझं डोकं तुमच्या पोटाशी टेकलेलं, तुमच्या हातांना लवंगेच्या तेलाचा वास. माझी आई लवकर गेली होती. तेव्हा मी ते बोलले नाही, आज बोलते. त्या खुर्चीत मला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

मग शालन आली.

कोलशेतकडच्या एका चाळीत राहणारी, नवरा कंपनीत, माणसं मूळची साताऱ्याकडची. पहिलंच बाळंतपण, मुलगी. मुलगी जन्मली ती खालच्या हिरडीत एक दात घेऊन. वॉर्डातल्या आयांनी सगळ्या मजल्यावर बातमी केली होती. तुम्ही आणि मी वर गेलो तेव्हा खाटेभोवती गर्दी, आणि शालन बाळाचं तोंड पदराने झाकून बसलेली.

सासू आपल्याकडे वळून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, दात घिऊन जल्माला आलीया. बापाच्या मुळावर आलेली पोर. आत्ताच्या आत्ता काढा त्यो."

तुम्ही नेहमीप्रमाणे म्हणालात, "काढायचं नंतर बघू. आजी, आधी तुम्ही खाली चला, तुमच्या दाढा..."

"माझ्या दाढा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझा ल्योक मरंल."

किल्ली पहिल्यांदाच चालली नाही. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचा चेहरा पडलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

तुम्ही शालनसमोर स्टूल ओढून बसलात, गुडघ्याला गुडघा लावून, बाळ दोघींच्या मांडीवर आडवं, डोकं तुमच्याकडे. दात बोटाने हलवून पाहिलात. मलाही बघायला लावलंत. घट्ट होता. जिभेखाली जखम नव्हती. "पिते का?" तुम्ही विचारलंत. "पिते," शालन म्हणाली. "मला लागत न्हाई." बस्स, तुमच्यासाठी प्रश्न संपला. तुम्ही सासूला समजावलंत, हा काही जादा दात नाही, हिचा दुधाचाच आहे. "घरचंच माणूस आहे, आजी. जरा लवकर आलंय, एवढंच." आणि इतक्या कोवळ्या बाळाचा दात काढला तर रक्त थांबत नाही, हेही सांगितलंत. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "तुमी न्हाई काढत, तर आमच्यात बाया हैत."

तिथून आपला वाद सुरू झाला, खाली यायच्या जिन्यातच. मी म्हटलं, त्यांना आठवड्याने बोलवा, रक्त गोठायचं इंजेक्शन देऊ आणि काढून टाकू. आपण नाही काढला तर घरी दोऱ्याने ओढतील. तुम्ही म्हणालात, "ज्या दाताला काही झालेलं नाही तो मी काढला, तर त्यांची भीती खरी होती असं मीच सांगितल्यासारखं होईल. पोरगी जन्मभर मुळावर आलेलीच राहील."

"पण जन्मभर राहील तरी," मी म्हटलं.

संध्याकाळी मी हात धूत होते तेव्हा शालन माझ्याजवळ आली होती. नळ सोडून, हळूच, "ताई, तुमी काढता का? मला घरी जायचंय." मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ती सासूच्या तोंडाने बोलली." मी म्हटलं, "नलूताई, ती राहणार सासूच्याच घरात." दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खाट रिकामी. डिस्चार्ज न घेता रातोरात निघून गेले होते.

ती लसीला आली नाही. तुम्ही वाट पाहिलीत, मग एका दुपारी मला रिक्षात घालून कोलशेतला गेलात. चाळीतल्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाळंतीण माहेरी गेली, शीळफाट्याच्या पुढे कुठेतरी. बाळ कसं आहे विचारलं तर तिने आपल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आम्हाला काय सांगतायत ते?" तेवढंच. शीळफाट्याच्या पुढे म्हणजे केवढा मुलूख! तरी तुम्ही तिकडेही गेलात, पुन्हा पुन्हा गेलात. कोलशेतची चाळ पडली, तिथे टॉवर आले, तरी तुम्ही जातच होतात. मी बाळकुमला फ्लॅट घेतला तेव्हा तुम्ही वास्तुशांतीला आलात, प्रसादाचा शिरा हातात घेऊन गॅलरीत उभ्या राहिलात आणि विचारलंत, "इथून कोलशेत कुठल्या बाजूला गं?"

बाळ वाचलं की नाही, आपल्याला कधीच कळलं नाही. न कळणं हीच आपल्यामागे लागलेली पीडा होती. कळलं असतं तर एकीला रडता आलं असतं आणि दुसरीला गप्प बसता आलं असतं. तसं काही नव्हतं, म्हणून आपण भांडत राहिलो. माझ्या केतकीच्या लग्नात, पंगतीत, जिलबी वाढणारा पुढे सरकत नाही तोच तुम्ही माझ्याकडे झुकून म्हणालात, "समज, मी आठवड्याने काढते म्हटलं असतं आणि तेवढा वेळही ते थांबले नसते तर?" विहीणबाई चक्रावून आपल्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "तर निदान आपण हो म्हटलेलं असतं." तुम्ही जिलबी पानात तशीच ठेवलीत.

तुमची ती नजरही मला ठाऊक होती. बसस्टॉपवर, भाजीच्या गाडीशी, कुठलीही तरुण पोरगी हसली की तुम्ही तिच्या खालच्या दातांकडे बघायचात. मुलगी वाढत होती तुमच्या डोक्यात. शाळेच्या वयाची झाली तशी तुम्ही शाळकरी मुलींकडे बघायला लागलात, मग कॉलेजच्या, मग कडेवर मूल असलेल्या. दुधाचा दात केव्हाच पडून गेला असणार, त्यावरून आता काय ओळखणार, हे तुमच्यासारख्या डॉक्टरला मी काय सांगणार? मी एकदा रागाने म्हटलं, पुरे करा, लोक वेडी म्हणतील. तुम्ही म्हणालात, "म्हणू देत. कुणीतरी तिला शोधत होतं, एवढं तरी राहील."

शेवटी कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये तुम्ही अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे. ताप चढला की तुम्हाला आपली खोली दिसायची. नर्स गोळी द्यायला आली की तिला म्हणायचात, "पदर काढ गं तोंडावरचा." ती केरळची बिचारी, हसून पुढे जायची. त्या दुपारी अनिरुद्ध जेवायला गेला होता. मी तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि अगदी स्वच्छ, जुन्या आवाजात म्हणालात, "मृदुला, तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. काढ तो दात."

मी म्हटलं, "कुठला?" कळत असून म्हटलं.

"वेळ घालवू नकोस. ते चाललेत बघ बाळाला घेऊन. काढ."

तुमची बोटं चादरीवर काहीतरी शोधत होती. तुम्ही घाबरला होतात, नलूताई. मी तुम्हाला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मग मी स्टूल जवळ ओढलं, माझा गुडघा तुमच्या खाटेला टेकवला, टेबलावरचा कापसाचा बोळा उचलला आणि हवेत, आपल्या दोघींच्या मध्ये, वाकून काम केल्यासारखं केलं.

"काढला," मी म्हटलं.

"रक्त?"

"थांबलं."

"पाजलं का?"

"पाजतेय. शालन पाजतेय. पिते नीट."

"आणि म्हातारी?"

"खूश आहे. पेढे आणते म्हणाली."

तुम्ही एकदम सैल झालात. "मग तू जिंकलीस गं," असं म्हणून डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

मला ते जिंकणं नको आहे. रात्रंदिवस ते मला टोचतं. तुमची सुटका व्हावी म्हणून मी तुमची हार मान्य केली, आणि तुम्ही ती बरोबर घेऊन गेलात. जन्मभर ज्या एका गोष्टीवर तुम्ही ठाम होतात, ती शेवटच्या तासात तुमच्याकडून सुटली आणि मी ती उचलून परत दिली नाही. दुसरं काय करायला हवं होतं? भांडायला हवं होतं? तुमच्या नाकाला नळी लावलेली असताना म्हणायला हवं होतं, नाही, नलूताई, बरोबर तुम्हीच होतात?

कारण एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. केतकीच्या लग्नानंतरची गोष्ट. बाळकुमच्या माझ्या दवाखान्यात एक जोडपं आलं, दोघंही आयटीत, कुशीत काही दिवसांचं बाळ. खालच्या हिरडीत एक दात. घट्ट. बरोबर आलेल्या आजी नव्या कोऱ्या पैठणीत होत्या, पण डोळे तेच, शालनच्या सासूचे. "डॉक्टर, आमच्या गुरुजींनी सांगितलंय, मुलाच्या वडिलांना चांगलं नाही. प्लीज रिमूव्ह करा ना." मी काढू शकत होते. सगळी सोय होती, इंजेक्शन जन्मल्याबरोबरच दिलेलं होतं, आणि वर्षानुवर्षं तुमच्याशी मी त्याच बाजूने भांडले होते. माझ्या तोंडातून निघालं, "घरचंच माणूस आहे, आजी. जरा लवकर आलंय." माझा आवाज मलाच ओळखू येईना. मग मी आजींना खुर्चीत बसवलं. त्या बसल्या, नलूताई. दाढ दुखत होती त्यांची. तो मुलगा आता शाळेत जातो, त्याचा बाप ठणठणीत आहे, आणि तो दात त्याच्या तोंडात वेळेवर पडेपर्यंत राहिला.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही फोनवर विचारायचात, "काय ठरलं तुझं?" आणि मी म्हणायचे, "काढायलाच हवा होता." तुम्ही चिडायचात, मग तासभर बोलायचात. वाद मिटला असता तर तुम्ही त्या ओढीने फोन केला असतात का? अनिरुद्ध कामात, यजमान गेलेले, डोंबिवलीच्या त्या घरात तुम्ही एकट्या. आणि इकडे मीही काही फार गर्दीत नव्हते. मला तुमचा आवाज हवा होता, म्हणून मी आपली चुकीची बाजू धरून बसले.

तेव्हा आता ऐका. मी हरले होते, केव्हाच. तुमची बाजू तुमचीच आहे, ती मी परत देते आहे. कापसाचा बोळा हवेत फिरवला म्हणून दात निघत नाही, हे मी तुम्हाला शिकवायला नको. मी काही काढलेलं नाही.

पण शालनच्या मुलीचं काय झालं, हे मात्र अजूनही मला ठाऊक नाही. हल्ली मीही बघायला लागले आहे. कालच भाजीवाल्याकडे एक बाई हसली, तीसेक वर्षांची असेल, आणि मी तिच्या दातांकडे बघत राहिले. ती ओशाळली, तिने तोंडावर हात धरला. मी घरी आले आणि गॅलरीत उभी राहिले, कोलशेतच्या बाजूला तोंड करून.

इथलं शोधणं माझ्याकडे सोपवून जा. मी शोधीन, लोकांनी वेडी म्हटलं तरी. तुम्ही मात्र तिथे तिला शोधू नका. माझं ऐका एवढं. सवयीने मान वळवाल, कुणी लहानगी दिसली तर वाकून तोंड बघायला जाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. नका बघू. आयुष्यभर ती तुम्हाला सापडावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, आणि आता रोज जोडते आहे ते एवढ्यासाठीच, की तिथे ती तुम्हाला सापडू नये.